वाचतील का, आणि पुढे काय?

(दृश्य: ग्वाल्हेर, लष्कर. जानेवारीतली सकाळ. महाराज बाड्यावर धुकं, चहाच्या टपऱ्या, कानटोप्या घातलेली माणसं.)

निवेदन:

ग्वाल्हेरची थंडी हाडात शिरते. जानेवारीत पारा कधीकधी चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, धुकं उशिरापर्यंत हटत नाही, आणि दौलतगंज, जनकगंज, खासगी बाजार इथल्या जुन्या घरांतली फरशी दुपारपर्यंत गारच असते. या दिवसांत रक्तदाबही चढतो. थंडीने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, तेवढंच रक्त कमी जागेतून ढकलायचं म्हणून हृदय जास्त जोर लावतं. ज्यांचा रक्तदाब मुळातच जास्त आहे आणि ‘आता बरं वाटतंय की’ म्हणून ज्यांनी दिवाळीपासून गोळी बंद केली आहे, त्यांना हे महिने जड जातात. मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाण हिवाळ्यात वाढतं, हे जगभरच्या अनेक अभ्यासांत दिसून आलं आहे.

(दृश्य: जयारोग्य रुग्णालयाचं आवार. स्ट्रेचर, नातेवाइकांची गर्दी, भिंतीला टेकून ठेवलेली ब्लँकेटं.)

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे छावणी टाकली आणि त्या लष्कराबरोबर आलेली मराठी घरं इथलीच झाली. आज त्यातल्या कित्येक घरांत दोघंच म्हातारी माणसं राहतात. मुलगा पुण्यात, मुलगी इंदूरला किंवा बंगळुरूला. त्यामुळे कोणाच्या मेंदूत रक्तस्राव झाला की पहिला निर्णय बहुधा फोनवरच होतो. शेजारचे काका रुग्णालयात धावतात, सीटी स्कॅनच्या फिल्मचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, ओळखीतल्या एखाद्या डॉक्टरला दाखवला जातो. आणि आयसीयूच्या दाराशी उभ्या काकू येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या कोटाला एकच विचारतात, "डॉक्टरसाहेब, वाचतील ना हे?"

उत्तर बहुतेक वेळा हिंदीत मिळतं. "देखिए अम्मा, अड़तालीस घंटे कुछ नहीं कह सकते."

ऐकणाऱ्याला वाटतं, डॉक्टर टाळतायत. आमचं म्हणणं असं की त्या क्षणी याहून प्रामाणिक उत्तर क्वचितच असतं. ते तसं का, हे समजून घेण्यासाठी हा माहितीपट आहे.

(दृश्य: सीटी स्कॅनची खोली. पडद्यावर मेंदूचा आडवा छेद. करड्या रंगात एक पांढरा डाग.)

आपल्याकडे सगळ्यालाच लकवा म्हणतात. पण त्यात दोन वेगळे प्रकार आहेत. एकात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते. दुसऱ्यात ती फुटते. दुसरा प्रकार संख्येने कमी, जिवाला मात्र जास्त घातक. बाहेरून दोन्ही सारखे दिसू शकतात: अचानक तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, शब्द न फुटणं. रक्तस्रावात डोकं फुटल्यासारखं दुखणं, उलटी होणं, शुद्ध हरपत जाणं ही लक्षणं अधिक दिसतात, पण तेवढ्यावरून खात्री देता येत नाही. खात्री सीटी स्कॅनच देतो. ताजं रक्त तिथे पांढरं दिसतं.

म्हणून घरात कोणी असं कोसळलं तर स्कॅनआधी अ‍ॅस्पिरिनची गोळी देऊ नका. रक्तवाहिनी फुटली असेल तर ती गोळी रक्त थांबू देत नाही. तोंडात पाणी किंवा चहाही घालू नका. गिळता येत नसेल तर तो फुफ्फुसात जातो. १०८ ला फोन करा, आणि शेवटचं ठीक कधी पाहिलं ती वेळ लिहून ठेवा.

या रक्तस्रावाचं सगळ्यात मोठं कारण उच्च रक्तदाब. वर्षानुवर्षं दाबाखाली राहून मेंदूच्या खोल भागातल्या बारीक धमन्यांच्या भिंती कमकुवत होतात आणि एखाद्या दिवशी त्यातली एक फुटते. वय खूप झालेल्या काही जणांत मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या रक्तवाहिन्यांत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठतं आणि तिथून रक्त येतं. कवटी ताणत नाही. आत रक्त साचलं की त्याला जागा मेंदूकडूनच घ्यावी लागते.

आणि रक्त एकदाच येऊन थांबतं असंही नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत तीन तासांच्या आत आलेल्या रुग्णांचे स्कॅन पुन्हा पुन्हा काढून पाहिले. सव्वीस टक्के रुग्णांत पहिल्या स्कॅननंतर तासाभरातच रक्ताची गाठ ठळकपणे मोठी झाली होती. आणखी बारा टक्क्यांत ती पुढच्या वीस तासांत वाढली. म्हणजे आत्ता हातात असलेली फिल्म हा चालू घटनेचा एक क्षण आहे. ‘अड़तालीस घंटे’ इथून येतात. अशा रुग्णांतले दहातले साधारण चार जण महिन्याभरात दगावतात आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांचा मृत्यू पहिल्या दोन दिवसांत होतो.

(दृश्य: कागदावर पेनाने आकडे लिहिणारा हात.)

तरीही डॉक्टरांना अंदाज बांधावाच लागतो. कोणाला शस्त्रक्रिया, कोणाला कुठल्या वॉर्डात खाट, नातेवाइकांना काय सांगायचं, हे ठरवायला काहीतरी माप हवंच. जगभर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं माप आलं २००१ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोहून. डॉ. क्लॉड हेम्फिल आणि सहकाऱ्यांनी ते बनवलं, त्याचं नाव आयसीएच स्कोअर. आयसीएच म्हणजे इंट्रासेरेब्रल हेमरेज, मेंदूतला रक्तस्राव. पाच गोष्टी पाहायच्या आणि शून्य ते सहा गुण द्यायचे. खाटेशेजारी उभं राहून, कॅल्क्युलेटरशिवाय जमावं इतकं सोपं.

एक उदाहरण घेऊ. खरा रुग्ण नाही, पण असे अनेक असतात. समजा, चौसष्ट वर्षांचे काका आहेत. सकाळी अंघोळीच्या वेळी पडले. हाक मारली की डोळे उघडतात. तोंडातून आवाज येतात, शब्द नाहीत. चिमटा काढला की चांगला हात बरोबर तिथे पोहोचतो. १९७४ मध्ये ग्लासगोला तयार झालेल्या शुद्धीच्या मोजमापात, म्हणजे ग्लासगो कोमा स्केलवर, याचे होतात पंधरापैकी दहा. पाच ते बारा असेल तर आयसीएच स्कोअरचा एक गुण.

मग रक्त किती, ते. फिल्मवर गाठीची सगळ्यात मोठी लांबी, तिला काटकोनात रुंदी आणि वरपासून खालपर्यंतची उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा, दोनाने भागायचं. काकांचे आकडे पाच, चार आणि तीन. पाच चोक वीस, वीस त्रिक साठ, निम्मे तीस. तीस मिलिलिटर रक्त, मोठे दोन चमचे. तीस किंवा जास्त असेल तर एक गुण.

रक्त मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळ्यांत उतरलंय का? हो. एक गुण. गाठ मेंदूच्या खालच्या भागात, म्हणजे मेंदूच्या देठात किंवा लहान मेंदूत आहे का? नाही. शून्य. वय ऐंशी किंवा जास्त? नाही. शून्य.

बेरीज तीन.

आणि मूळ अभ्यासात तीन गुणांच्या रुग्णांपैकी बहात्तर टक्के तीस दिवसांत दगावले होते. हाच आकडा फोनवर पुण्याला जातो. "दादा, डॉक्टर म्हणतायत बहात्तर टक्के." पलीकडे शांतता. मग कोणीतरी विचारतं, "मग उगाच कशाला हाल करायचे त्यांचे?"

(दृश्य: तोच कागद. ‘३०’ या आकड्यावर कॅमेरा थांबतो.)

या जागी आम्हाला थांबायचं आहे, कारण बऱ्याच माणसांचं पुढे काय होणार ते इथे ठरतं.

पहिली गोष्ट. उंची मोजताना तीन सेंटिमीटरऐवजी दोन पूर्णांक आठ मोजली गेली असती तर? दोन मिलिमीटरचा फरक. गुणाकार छप्पन्न, निम्मे अठ्ठावीस. गुण तीनऐवजी दोन. आणि मूळ अभ्यासात दोन गुणांचा मृत्युदर होता सव्वीस टक्के. माणूस तोच, खाट तीच, पट्टी दोन मिलिमीटर इकडे किंवा तिकडे. सव्वीस आणि बहात्तर यांच्यामधलं अंतर काकांच्या मेंदूत नाही, ते गुण देण्याच्या पद्धतीत आहे. सोप्या मापाची ही किंमत असते. शेकडो रुग्णांचा गट तोलायला ते उत्तम. एका माणसाचं भवितव्य सांगायला तोकडं.

दुसरी गोष्ट. तो अभ्यास एकूण १५२ रुग्णांचा होता. तीन गुण मिळालेले त्यात ३२ जण. त्या ३२ जणांपैकी २३ गेले, नऊ राहिले. बहात्तर टक्के म्हटलं की निसर्गनियम वाटतो. ते नऊ जण डोळ्यांसमोर आणले की वेगळं वाटतं.

तिसरी गोष्ट ‘खालचा भाग’ या गुणाची. मेंदूच्या देठातला मोठा रक्तस्राव आणि लहान मेंदूतला रक्तस्राव यांना सारखाच एक गुण मिळतो. पण लहान मेंदूतली गाठ वेळेत शस्त्रक्रियेने काढली तर जीव वाचू शकतो. देठातल्या गाठीत शल्यविशारदाच्या हाती फार थोडं उरतं.

आणि चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ते २३ जण कसे गेले?

(दृश्य: रात्रीचा कॉरिडॉर. बाकावर बसलेली माणसं. निवेदनाचा वेग कमी.)

२००१ मध्येच सिएटलच्या डॉक्टरांनी हा प्रश्न समोर आणला. त्यांनी दाखवलं की रक्तस्रावाच्या अनेक मृत्यूंमागे उपचार थांबवण्याचा निर्णय होता. डॉक्टरांना वाटलं, हा वाचणार नाही. नातेवाइकांना तसं सांगितलं. उपचार थांबले. रुग्ण गेला. त्याची नोंद आकडेवारीत झाली, आणि त्याच आकडेवारीवरून पुढच्या रुग्णाबद्दल सांगितलं गेलं की असे रुग्ण वाचत नाहीत. भाकितानेच स्वतःला खरं केलं.

मग उलटं करून पाहिलं तर? २०१५ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शुद्ध कमी असलेले १०९ रुग्ण. अट अशी की निदान पाच दिवस पूर्ण उपचार करायचे, मधेच हात आखडता घ्यायचा नाही. आयसीएच स्कोअरच्या हिशेबाने निम्मे दगावायला हवे होते. तीस दिवसांत दगावले सुमारे वीस टक्के. ज्यांच्या घरच्यांनी आधीच आशा सोडली होती ते रुग्ण यात आले नसणार, त्यामुळे सगळा फरक पाच दिवसांचाच असं म्हणणं घाईचं होईल. पण फरक इतका मोठा आहे की तो डोळ्याआड करता येत नाही. अमेरिकेतल्या हृदय आणि पक्षाघात संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय: रुग्णाने आधीच तशी इच्छा नोंदवलेली नसेल तर उपचार मर्यादित करण्याचा निर्णय दाखल झाल्यानंतरच्या दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत पुढे ढकला, आणि केवळ स्कोअरवरून कोणाचंही भवितव्य ठरवू नका.

आपल्याकडे उपचार थांबवण्याची पद्धत वेगळी आहे. इथे कागदावर फारसं काही ठरत नाही. इथे माणूस घरी नेला जातो. रुग्णालयात याला ‘लामा’ म्हणतात, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेली सुटी. कारणं आम्हाला कळतात. पैसे संपलेले असतात, किंवा संपतील याची भीती असते. सुट्टी नाही, माणूसबळ नाही. निदान घरच्या अंगणात जावं ही इच्छा असते, आणि तिचा मान ठेवायलाच हवा. पण पहिल्या रात्री, एका आकड्यावरून हे ठरू नये, एवढं आम्ही कळकळीने सांगतो. पैशांचा प्रश्न असेल तर आयुष्मान कार्ड विचारा. पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यावर मिळतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर किंवा जास्त वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, त्याचा हक्क आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात कार्ड त्याच दिवशी दाखवा. कोलमडलेल्या घराला हे सुचत नाही. शेजाऱ्याने सुचवावं.

काही जण कितीही केलं तरी परत येत नाहीत. मेंदूच्या देठात मोठा रक्तस्राव, खोल बेशुद्धी, दिवसामागून दिवस काहीच प्रतिसाद नाही. अशा वेळी यंत्रं थांबवण्याचा निर्णय घेणारं कुटुंब काही चुकीचं करत नाही. सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये मान्य केला आहे. मात्र तो निर्णय पूर्ण उपचार देऊन, वाट पाहून, सगळ्यांनी एकत्र बसून घेतलेला असावा.

(दृश्य: आयसीयू. मॉनिटरवर रक्तदाबाचा आकडा. सिस्टर इन्फ्युजन पंप लावतायत.)

पहिल्या तासांत काय केलं जातं, त्याने भाकीत बदलतं. २०२३ मध्ये इंटरअ‍ॅक्ट-३ या चाचणीचे निष्कर्ष आले. दहा देश, भारतही त्यात, सात हजारांहून जास्त रुग्ण. त्यांनी नवं औषध आणलं नाही, महागडं यंत्रही नाही. वरचा रक्तदाब तासाभरात १४० च्या खाली आणणं, साखर ताब्यात ठेवणं, ताप उतरवणं, रक्त पातळ करण्याच्या औषधाचा परिणाम चालू असेल तर तो लगेच उलटवणं. एवढं एकत्र आणि झटपट केलं. सहा महिन्यांनी या गटातले रुग्ण जास्त चांगल्या अवस्थेत होते, मृत्यूही कमी होते. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही करता येईल असं हे काम आहे. ते होण्यासाठी रुग्ण वेळेत पोहोचायला मात्र हवा.

आणि भाकितासाठी ऐकायचं कोणाचं? २०१६ च्या एका अभ्यासात डॉक्टरांना आणि परिचारिकांना पहिल्याच दिवशी विचारलं, तीन महिन्यांनी हा रुग्ण कसा असेल? त्यांचे अंदाज स्कोअरपेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ निघाले. परिचारिकांचे अंदाज डॉक्टरांच्या अगदी बरोबरीने. आम्हाला याचं नवल वाटलं नाही. रात्रपाळीच्या सिस्टरला दिसतं की काल पायाचा अंगठा हलत नव्हता, आज हलतोय. सकाळच्या राउंडला डॉक्टर आले की तुम्हीही हे सांगा. स्कोअरमध्ये त्याचा रकाना नाही, उपचारात आहे.

(दृश्य: फिजिओथेरपीची खोली. समांतर दांड्या, भिंतीवरचं चाक, रबरी चेंडू.)

आता दुसरा प्रश्न. वाचले, पण पुढे काय?

डॉक्टर हे शून्य ते सहा अशा रँकिन मापावर सांगतात. शून्य म्हणजे कसलाही त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. तीन म्हणजे थोडी मदत लागते, पण आधाराला माणूस न घेता चालता येतं. पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला, चोवीस तास कोणीतरी लागणारा. तीन महिन्यांनी आपलं माणूस स्वतःचं स्वतः करू शकेल का, याचा अंदाज घेण्यासाठी २००८ मध्ये फंक स्कोअर नावाचं वेगळं माप आलं. त्यात वय, जागा, रक्ताचं प्रमाण आणि शुद्ध यांबरोबर आणखी एक गोष्ट मोजतात: स्ट्रोकच्या आधी स्मृती, समज ठीक होती का. डॉक्टर विचारतात, "आधी सब्जी आणायला एकटे जात होते का? हिशेब करत होते का?" हे प्रश्न निरर्थक वाटू शकतात. ते नीट उत्तर देण्यासारखे आहेत.

तीस दिवसांनी घरचे खचलेले असतात. नाकातून नळी, बोलणं नाही, एक बाजू लुळी. यापुढे हे असंच, असं गृहीत धरलं जातं. रक्तस्रावात हे गृहीतक बऱ्याचदा चुकतं. गुठळीच्या स्ट्रोकमध्ये जो भाग गेला तो गेला. रक्तस्रावात काही पेशी मरतात, पण बऱ्याच तंतूंवर नुसता दाब आलेला असतो, गाठीने ते बाजूला सारलेले असतात. भोवतीची सूज पहिले दोन आठवडे टिकते, वाढतेही. रक्त हळूहळू शोषलं जायला कित्येक आठवडे लागतात. दाब उतरला की दबलेल्या भागातलं काही काम परत सुरू होतं. म्हणून यांची सुधारणा उशिरा सुरू होते आणि लांब चालते.

याचा पुरावा २०२२ मध्ये आला. दोन मोठ्या चाचण्यांतले असे रुग्ण निवडले जे तीसाव्या दिवशी रँकिनच्या चार किंवा पाचवर होते, म्हणजे गंभीर अपंगत्व. वर्षभरानंतर त्यातले चाळीस टक्क्यांहून जास्त तीनवर किंवा त्याहून चांगल्या अवस्थेत होते. अंथरुणावरून उठून आपल्या पायांनी चालणारे. तीसाव्या दिवशी आशा सोडलेल्या घरांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

मात्र ते आपोआप होत नाही. दर दोन तासांनी कूस बदलणं, शय्याव्रण होऊ न देणं, गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने न भरवणं, आखडत चाललेली बोटं रोज उघडणं. हे बहुतेक घरांत बायका करतात. काकू करतात, सून करते, आणि त्यांच्या पाठीचं, झोपेचं कोणी विचारत नाही. फिजिओथेरपिस्ट घरी बोलावलात तर त्याला रुग्णाइतकाच वेळ त्या बाईला द्यायला सांगा: उचलायचं कसं, वळवायचं कसं, कंबर न मोडता.

स्ट्रोकनंतर सुमारे एक तृतीयांश जणांना कधी ना कधी नैराश्य येतं. काका बोलत नाहीत, जेवत नाहीत, व्यायामाला नाही म्हणतात, आणि घर म्हणतं, हट्टी झालेत. तो आजारही असू शकतो आणि त्यावर औषध आहे.

(दृश्य: घरात रक्तदाब मोजणारं यंत्र, शेजारी वही.)

रक्तस्राव एकदा झालेल्याला पुन्हा होऊ शकतो. ते टाळायचं सगळ्यात मोठं साधन म्हणजे रक्तदाब १३०/८० च्या आत ठेवणं, कायम. गोळी थंडीतही, उन्हाळ्यातही, बरं वाटलं तरीही. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सकाळची कचोरी, दुपारचा पापड, लोणचं आणि संध्याकाळचं नमकीन यांतच ते ओलांडलं जातं. रक्त पातळ करणारी गोळी हृदयासाठी आधीपासून चालू असेल तर ती पुन्हा कधी सुरू करायची, हे न्यूरोलॉजिस्ट आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांना विचारा. मनाने सुरू करू नका, मनाने बंदही करू नका.

डिस्चार्जच्या वेळी तीन गोष्टी मागून घ्या: पहिल्या स्कॅनची फिल्म किंवा सीडी, दाखल झाले त्या वेळचा ग्लासगोचा आकडा आणि निघतानाचा रँकिनचा आकडा. मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने तपासणीला जाताना तोच रँकिन पुन्हा मोजायला सांगा. मधल्या काळात रक्तदाबाच्या वहीत तारखेसमोर रोजचं एक वाक्य लिहा, आज काय नवं जमलं ते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ती वही दाखवा, आणि काकूंचा प्रश्न पुन्हा विचारा. तोवर उत्तर द्यायला डॉक्टरांकडे पुष्कळ जास्त माहिती असेल.